हेडरचे बोल्ट पुन:पुन्हा सैल का होतात?

सकाळी गाडी सुरू केल्यावर बॉनेटखालून 'टिक्-टिक्' असा बारीक, इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारा आवाज येतो आणि चार-पाच मिनिटांत आपोआप नाहीसा होतो. बहुतेक मालकांना हा आवाज टॅपेटचा वाटतो. पुष्कळदा तो टॅपेटचा नसतोच. इंजिनाचे हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधल्या फटीतून निसटणाऱ्या गरम वायूचा तो आवाज असतो. धातू तापून प्रसरण पावला की फट बुजते, आवाज थांबतो आणि मालकाची चिंताही थांबते. फट मात्र तेथेच असते व दुसऱ्या दिवशी थोडी वाढलेली असते.

मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी नळ्यांचा हेडर बसवलेल्या गाड्यांत हा त्रास विशेष जाणवतो. प्रत्येक सिलिंडरमधून स्वतंत्र नळी काढून त्या पुढे एकत्र जोडलेल्या असतात, अशी ही रचना असते. वायूचा मार्ग मोकळा होतो, वजन घटते, आवाज बदलतो. म्हणून रॅलीत भाग घेणारे आणि हौशी मंडळी हेडर पसंत करतात. परंतु बसवल्यावर महिन्याभरातच बोल्ट सैल होतात, ते आवळावेत तर पुन्हा सैल होतात, आणि शेवटी आवळता आवळता एखादा बोल्ट हेडमध्येच तुटतो. 'कचकचून आवळला नव्हता' हे गॅरेजमध्ये हमखास मिळणारे निदान बहुतांशी चुकीचे आहे.

ही बाब केवळ आवाजापुरती असती तर तिच्याकडे दुर्लक्षही करता आले असते. सांध्यातून निसटणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, गंध नाही. इंजिनाच्या कप्प्यात साठलेला हा वायू वातानुकूलन यंत्रणेच्या हवेच्या मार्गाने गाडीत येऊ शकतो, आणि गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना हा धोका सर्वाधिक असतो. शिवाय एक्झॉस्टमधला दाब क्षणाक्षणाला वरखाली होत असल्याने फटीतून वायू बाहेर जातो तशी बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला त्यामुळे मिश्रण पातळ झाल्याचा भास होतो, संगणक इंधन वाढवतो, गाडी पेट्रोल पिऊ लागते आणि जादा इंधनाचा मार कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बसतो.

बोल्ट ही स्प्रिंगच असते

बोल्ट दोन भाग धरून ठेवतो तो आट्यांच्या जोरावर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. पान्याने फिरवताना तो किंचित लांब होतो. पूर्ववत आखूड होण्याची त्याची जी ओढ असते, तिनेच दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि आणखी चाळीसएक टक्के आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताण निर्माण करण्यास दहा टक्क्यांच्या आसपासच उरतो. म्हणजे पाना जड लागला म्हणून बोल्ट घट्ट बसला असे मुळीच नाही. गंजलेल्या आट्यांचा बोल्टही पान्याला जड लागतोच.

आता थोडे आकडे पाहू. हेडरला बहुधा ८ मिलीमीटर व्यासाचे, ८.८ प्रतीचे बोल्ट असतात. असा बोल्ट कोरड्या आट्यांवर २५ न्यूटन-मीटरला आवळला की त्यात ढोबळमानाने १६०० किलोग्रॅम वजनाइतका ताण येतो. एका छोट्या मोटारीपेक्षा जास्त वजन एका बोल्टवर, हे ऐकायला भरभक्कम वाटते. परंतु हेडरची पट्टी, म्हणजे फ्लँज, असते दहाएक मिलीमीटर जाडीची आणि गॅस्केट एक-दोन मिलीमीटरचे. म्हणजे बोल्टचा ताणला जाणारा भाग जेमतेम १२ मिलीमीटरचा. एवढ्या ताणाखाली तो वाढतो फक्त ०.०२५ मिलीमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश.

सगळी मेख या आकड्यात आहे. गॅस्केट थोडे दबले, फ्लँजवरचा रंग जळाला, वॉशरखालची खरखर सपाट झाली, आणि या सर्वांतून मिळून अवघा ०.०१ मिलीमीटर गेला, तर बोल्टचा चाळीस टक्के ताण संपलेला असतो. बोल्ट जागचा कणभरही फिरलेला नाही, तरी तो सैल झालेला आहे. नव्या हेडरच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांत नेमके हेच घडते.

उष्णतेचा खेळ

पेट्रोल इंजिनावर भार असताना बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ७०० ते ९०० अंश सेल्सिअस असते. हेडरच्या नळ्या आणि फ्लँज काही मिनिटांत कित्येकशे अंश तापतात. ज्या हेडला तो फ्लँज जखडलेला असतो, ते मात्र पाण्याने थंड ठेवलेले असल्यामुळे शंभर अंशांच्या आसपासच राहते.

चार सिलिंडरच्या इंजिनाचा फ्लँज सुमारे ४०० मिलीमीटर लांब धरला आणि तो ३०० अंशांनी तापला, तर साध्या पोलादाचा फ्लँज जवळजवळ १.४ मिलीमीटर वाढतो. ॲल्युमिनियमचे हेड ८० अंशांनी तापून ०.७ मिलीमीटर वाढते. फरक ०.७ मिलीमीटरचा. फ्लँज स्टेनलेस स्टीलचा असेल तर तो दोन मिलीमीटर वाढतो आणि फरक १.३ वर जातो. मधले बोल्ट जागेवर राहतात असे मानले, तर टोकाच्या बोल्टांखाली फ्लँज प्रत्येक वेळी तिसरा हिस्सा ते दोन-तृतीयांश मिलीमीटर सरकू पाहतो. गाडी तापली की बाहेर, निवली की आत. सैल होणारा बोल्ट बहुतेक वेळा टोकाचाच का असतो, याचे उत्तर येथे मिळते. चकाकणाऱ्या महागड्या स्टेनलेस हेडरला हा त्रास साध्या पोलादी हेडरपेक्षा अधिक होतो, ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही.

जुन्या ॲम्बॅसडरचे हेडही बिडाचे आणि मॅनिफोल्डही बिडाचा होता. तेथेही मॅनिफोल्ड अधिक तापायचा, पण धातू एकच असल्याने आणि बिडाचे प्रसरण मुळात कमी असल्याने मामला बराच सोपा होता. जड, बोजड म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या मॅनिफोल्डचा एक गुण असा की तो जागचा हलत नसे.

फ्लँज लांबीत वाढतो तसा जाडीतही वाढतो. इंजिन सुरू झाल्यावर फ्लँज आधी तापतो, बोल्ट मागाहून. त्या अवधीत जाड झालेला फ्लँज बोल्टला जास्तच ताणतो. हा ताण मर्यादेपलीकडे गेला तर बोल्ट कायमचा लांब होतो किंवा गॅस्केट कायमचे दबते. गाडी निवल्यावर फ्लँज मूळ जाडीवर येतो, पण बोल्टचा पूर्वीचा ताण परत येत नाही. प्रत्येक फेरीत थोडे थोडे असे घडत जाते. आधीच मर्यादेपर्यंत आवळलेला बोल्ट या फेऱ्यांत सर्वांत आधी निकामी होतो. पान्याला पाइप लावून आवळणाऱ्यांना बोल्ट पुन्हा सैल का झाला याचे कोडे पडते, त्याचा उलगडा हा असा आहे.

बोल्ट फिरतो कसा?

ताण कमी झाला की दुसरा आजार सुरू होतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात दाखवून दिले की, बोल्टच्या अक्षाच्या दिशेने होणाऱ्या कंपनांपेक्षा आडवी हालचाल कितीतरी अधिक घातक असते. जखडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की डोक्याखालचे आणि आट्यांतले घर्षण त्या क्षणापुरते जणू नाहीसे होते. आटे म्हणजे शेवटी बोल्टभोवती गुंडाळलेला उतारच. घर्षणाचा अटकाव सुटला की बोल्ट त्या उतारावरून थोडासा मागे फिरतो. अशा हजारो घसरणींनंतर तो हाताने फिरण्याइतका मोकळा होतो. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी आजही जगभर वापरली जाते.

हेडरमध्ये अशा आडव्या हालचालींना तोटा नाही. एक तर वर सांगितलेले प्रसरण, दुसरी कंपने, आणि तिसरी, सहसा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे मागच्या पाइपचे वजन. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की ते आपल्या रबरी माउंटिंगवर पुढेमागे डोलते. मागचा पाइप मात्र गाडीच्या तळाला टांगलेला असतो. दोहोंमध्ये लवचीक जोड नसेल किंवा तो गंजून ताठर झाला असेल, तर डोलण्याचा सगळा हिसका हेडरच्या बोल्टांवर येतो. सायलेन्सर टांगणारे रबर तुटले तर त्यावर लोंबणाऱ्या वजनाची भर. बोल्ट तीनदा आवळूनही सैल होत असतील तर चौथ्यांदा आवळण्यापूर्वी गाडी रॅम्पवर घेऊन हे रबर आणि इंजिनाची माउंटिंग पाहावीत. किरकोळ किमतीचा तो रबरी तुकडा कित्येकदा खरा गुन्हेगार निघतो.

वॉशर, नट आणि औषधे

म्हणजे आजार दोन आहेत. एक, बोल्ट न फिरता त्याचा ताण जाणे. दुसरा, बोल्ट फिरणे. बाजारात मिळणारी बहुतेक साधने फक्त दुसऱ्यावरची आहेत, आणि त्यांतलीही सगळी कामाची नाहीत.

आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय साधन म्हणजे स्प्रिंग वॉशर. त्याच्यावरचा विश्वास मात्र अनाठायी आहे. बोल्ट योग्य तेवढा आवळला की हा वॉशर पूर्ण सपाट होतो आणि पुढे साध्या वॉशरसारखाच वागतो. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नट-बोल्टविषयक पुस्तिकेतही हेच स्पष्ट म्हटले आहे. त्यातून हेडरच्या उष्णतेने त्याचे पोलाद नरम पडते, तेव्हा उरलीसुरली स्प्रिंगही जाते. नायलॉनची कडी असलेला लॉकनट इतरत्र उत्तम. पण नायलॉन १२० अंशांच्या आसपास हात टेकते. आट्यांवर लावायचे चिकट द्रव्यही नेहमीच्या प्रकारात १५० ते १८० अंशांपर्यंत आणि खास उष्णतारोधक प्रकारात २३० अंशांपर्यंत टिकते. हेडरचा बोल्ट या मर्यादा सहज ओलांडतो.

चालतात ते संपूर्ण धातूचे लॉकनट. यांचे आटे वरच्या बाजूला मुद्दाम किंचित चेपलेले असतात, त्यामुळे ते बोल्टला धरून राहतात. कित्येक युरोपीय गाड्यांत मॅनिफोल्डला तांब्याचा मुलामा दिलेले असे नट असतात. तांब्यामुळे ते जाम होत नाहीत. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांतले पितळी नटही याच हेतूने होते. मात्र चेपलेल्या आट्यांचा नट एकदा काढला की त्याची पकड कमी होते, तेव्हा दर वेळी नवा घालणे श्रेयस्कर.

स्वीडनच्या नॉर्ड-लॉक कंपनीने प्रसिद्धीस आणलेले जोडवॉशर ही खरोखर कल्पक चीज आहे. दोन वॉशर एकमेकांवर बसतात. आतल्या बाजूस उतरत्या पायऱ्या, बाहेरच्या बाजूस बारीक दाते. पायऱ्यांचा उतार आट्यांच्या उतारापेक्षा जास्त असल्याने बोल्ट उलटा फिरू लागला तर वॉशर त्याला उचलतात, म्हणजे तो अधिकच ताणला जातो. खालची पृष्ठे दाते रुतण्याजोगी हवीत, ही अट. शर्यतीच्या गाड्यांत आणि विमानांत बोल्टच्या डोक्याला भोक पाडून स्टेनलेस तारेने दोन-दोन बोल्ट एकमेकांना बांधतात. तार अशा दिशेने पिळलेली असते की एक सैल होऊ लागला तर दुसरा आवळला जावा. मोटरसायकलच्या मागच्या स्प्रॉकेटवर असतात तसे, जीभ वळवून नटाच्या कडेवर चढवायचे पत्र्याचे वॉशर हा त्याचाच गरीब, पण भरवशाचा भाऊ. अमेरिकेत खास हेडरसाठी 'स्टेज ८' नावाचे बोल्ट मिळतात, त्यांच्या डोक्यावर एक पाते चढवून ते शेजारच्या नळीला अडेल असे ठेवतात.

ही सर्व साधने बोल्टला फिरू देत नाहीत. परंतु गॅस्केट दबून ताण गेला तर जोडवॉशरही तो परत आणू शकत नाहीत. तारेने बांधलेला बोल्ट जागच्या जागी सैल असू शकतो. फक्त तो गळून रस्त्यावर पडत नाही, एवढेच. म्हणून तार बांधण्याआधीचे काम महत्त्वाचे.

बसवतानाच घ्यायची काळजी

स्वस्त हेडरचा फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेला असतो. लोखंडी सरळ पट्टी त्यावर उभी धरून फीलर गेजने तपासावे. दशांश मिलीमीटरहून जास्त फट दिसली तर मशिन शॉपमध्ये फ्लँज सपाट करून घ्यावा. वाकडा फ्लँज बोल्टांनी ओढून सरळ करण्याचा मोह अनेकांना होतो; तेव्हा बोल्टचा सगळा ताण फ्लँज वाकवण्यात जातो, गॅस्केट दाबायला काही उरत नाही. हेडवरील जुने गॅस्केट पूर्ण खरवडावे, पण ॲल्युमिनियमला ओरखडे न पाडता. फ्लँजच्या टोकाकडील भोके बोल्टपेक्षा किंचित मोठी किंवा लांबट असावीत, म्हणजे प्रसरणाला वाट मिळते. चांगले कारागीर दोन नळ्यांमधली फ्लँजची पट्टी मुद्दाम कापून ठेवतात. मग ४०० मिलीमीटरचा एक तुकडा न राहता चार छोटे तुकडे होतात आणि प्रत्येकाची हालचाल त्या मानाने नगण्य राहते. हा कट करवतीने पाच मिनिटांत होतो. परिणाम मात्र कोणत्याही वॉशरपेक्षा मोठा.

दुसरा उपाय लांब बोल्टाचा. जागा असेल तर बोल्टच्या डोक्याखाली १२ मिलीमीटर लांबीची पोलादी नळी घालून तेवढाच लांब बोल्ट वापरावा. ताणला जाणारा भाग दुप्पट होतो, म्हणजे त्याच ताणाला बोल्ट ०.०५ मिलीमीटर वाढतो. आता ०.०१ मिलीमीटर गेला तरी नुकसान चाळीसऐवजी वीस टक्क्यांचेच. शिवाय लांब बोल्ट आडवी हालचाल थोडा वाकून सोसतो, डोके घसरू देत नाही. कारखान्यातून येणाऱ्या काही मॅनिफोल्डवर अशी जाड कडी दिसते, ती शोभेसाठी नव्हे.

बोल्टऐवजी हेडमध्ये स्टड बसवून वर नट लावणे केव्हाही चांगले, कारण दर वेळी उघडझाप झाली तरी ॲल्युमिनियमच्या आट्यांची झीज होत नाही. १०.९ किंवा १२.९ प्रतीचे 'जास्त ताकदीचे' बोल्ट घालून प्रश्न सुटत नाही. ती ताकद उष्णोपचाराने आलेली असते आणि सततच्या तापमानाने उतरते, १२.९ चा बोल्ट तर ८.८ च्या तुलनेत कमी तापमानावर टेम्पर केलेला चालतो. येथे उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा स्टड हवा.

आट्यांना तांबे किंवा निकेलयुक्त ग्रीस जरूर लावावे, नाहीतर पुढच्या वेळी स्टड तुटूनच निघेल. मात्र ग्रीसमुळे घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला ताण पाव ते एक-तृतीयांश वाढतो. कोरड्या आट्यांसाठी सांगितलेला टॉर्क असेल तर तो पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी करावा. सर्व नट आधी हाताने बसवावेत, मग मधून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जात तीन टप्प्यांत आवळावेत. टॉर्क रेंचने काही नट नीट पकडता येत नाहीत, कारण नळ्या आड येतात. तेथे योग्य आकाराचा आखूड रिंग पाना घेऊन शेजारच्या नटाच्या अंदाजाने आवळावे लागते. हे आदर्श नाही, पण पर्याय तोच.

यानंतरचे काम बहुतेक गॅरेज करत नाहीत. इंजिन पूर्ण तापू द्यावे, रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी थंड इंजिनावर सर्व नट पुन्हा त्याच टॉर्कला तपासावेत. गॅस्केटचे पहिले दबणे, ज्यात सर्वाधिक ताण जातो, ते एवढ्यात होऊन गेलेले असते. शंभरएक किलोमीटरनंतर आणखी एकदा, आणि मग प्रत्येक सर्व्हिसिंगला. गरम इंजिनावर कधीही आवळू नये: त्या वेळी बोल्टमधला ताण प्रसरणाने बदललेला असतो आणि ॲल्युमिनियमचे आटे नरम असतात, ते सहज निघतात. आटे गेलेच तर हेड फेकण्याची गरज नाही. भोक मोठे करून त्यात तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवता येतात आणि ते मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत ठरतात.

हेडर बसवण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. मॅनिफोल्ड काढला की तोही जातो. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. शर्यतीच्या मैदानावरील गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत हा फरक आहे.

ज्यांच्या गाडीला मूळचाच मॅनिफोल्ड आहे त्यांनाही गळती तपासणे अवघड नाही. थंड इंजिनाच्या सांध्यावर काळ्या काजळीचे पंखाच्या आकाराचे ओघळ दिसतात का ते पाहावे. इंजिन सुरू करून ते तापण्यापूर्वी सांध्यावर साबणाचे पाणी फवारावे आणि सोबत्याने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडके क्षणभर धरावे. गळती असेल तेथे फुगे येतात. काही ठिकाणी उदबत्तीचा धूर कोठे उडतो ते पाहण्याची पद्धत आहे. पेट्रोल किंवा सीएनजीच्या नळ्यांशेजारी पेटती उदबत्ती नेणे हा वेडेपणा आहे. गळती सापडली तर दुरुस्ती होईपर्यंत उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून एसी लावून बसू नये, आणि झोपू तर अजिबात नये.